कवळीचा प्रसंग

थोरलीला साहेबलोकांपुढे बोलता येत नसे, तिथूनच हे सगळं सुरू झालं. घरात ती बोलायला लागली की भिंतींनीही कानात बोळे घालावेत असा आवाज. पण समोर टेबल आलं आणि टेबलापलीकडे चष्मा आला, की बाईची जीभ टाळ्याला जाऊन बसे, ती काही केल्या खाली उतरत नसे.

थोरली आणि धाकटी, दोघी सख्ख्या जावा. एका घरात नांदणाऱ्या, आणि एकाच हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत राबणाऱ्या. थोरली आधी लागली होती, मग तिनेच धाकटीला तिथे चिकटवली. काम तसं कुणी हौसेने करावं असं नव्हे. वरच्या वॉर्डांतून मळक्या चादरी गाड्या भरभरून खाली यायच्या. रक्ताच्या, पुवाच्या, आणि ज्याचं नाव जेवताना काढू नये त्याच्याही. त्या हाताने निवडायच्या, ड्रममध्ये घालायच्या, वाफेच्या रोलरखालून काढायच्या आणि घड्या घालायच्या. ब्लीचने थोरलीच्या हातांची कातडी सुकलेल्या चिखलासारखी तडकली होती. रात्री खोबरेल चोळलं तरी सकाळी भेगा आ वासून तयार.

जुन्या इनचार्ज बाई निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांची जागा म्हणजे काचेची एक केबिन, बसायला खुर्ची, अंगावर निळा कोट, कमरेला कपाटांच्या चाव्या. पाण्यात हात घालायचा नाही. थोरलीने अर्ज केला, कारण तिचा हक्कच होता. धाकटीने केला, कारण थोरली म्हणाली, "तूही कर. मला नाही मिळाली तर परक्या बाईला तरी जायला नको."

रोलरवर उभी राहणारी बाई होती, तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, "दोघी एका स्वयंपाकघरात नांदता ते ठीक. एका खुर्चीवर दोघी कशा बसणार गं? एकीच्या मांडीवर दुसरी?"

"तू नको काळजी करूस," थोरली म्हणाली, "तुझी मांडी नाही मागणार."

तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरने कानमंत्र दिला होता. मुलाखतीत बाकी काही विचारोत न विचारोत, एक प्रश्न ठरलेला. तुम्ही स्वतःचं डोकं चालवून काम केलंत असा एखादा प्रसंग सांगा. हे ऐकलं आणि थोरलीचा चेहरा उजळला. तिच्याकडे प्रसंग होता, आणि काय प्रसंग होता!

झालं होतं असं. एकदा मळक्या चादरी निवडताना एक चादर तिच्या हाताला जड लागली. तिने झटकली, तर आतून दातांची अख्खी कवळी उडाली आणि तिच्या पायावर येऊन हसत पडली. थोरली किंचाळली. अशी किंचाळली की ड्रमवाला ड्रम बंद करून धावत आला. भानावर आल्यावर दुसरी बाई असती तर तिने कवळी टोपलीत टाकून दिली असती. थोरलीने धुतली, स्वच्छ फडक्यात गुंडाळली आणि वर गेली. चादर कुठल्या वॉर्डची ते शिक्क्यावरून कळत होतं, खाट कुठली ते कळत नव्हतं. मग ही प्रत्येक म्हाताऱ्यापुढे जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "आजोबा, जरा हसा बघू." शेवटच्या खाटेवरचा म्हातारा काही केल्या हसेना. तोंडावर हात घट्ट. कवळी हरवल्यापासून त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं, आणि लाजेने कुणाला सांगितलंही नव्हतं. डॉक्टरांना वाटत होतं, म्हातारा जगण्यावरच रुसलाय. हाताला सलाईन लावून ठेवलं होतं. थोरलीने फडकं उलगडलं, तसा त्याने झडप घातली. त्या दुपारी तो दोन वेळचं एकदम जेवला.

ही गोष्ट थोरली प्रत्येक पाहुण्याला सांगायची. सांगताना उठून उभी राहायची, किंचाळून दाखवायची, म्हातारा व्हायची, कवळीही व्हायची. पण धाकटी साहेबासारखी भुवई वर करून म्हणाली, "हं, सांगा प्रसंग," की थोरली, "ते... म्हणजे... एक दात होता... दात म्हणजे सगळेच..." आणि खलास.

तालीम चालायची घड्या घालताना. चादरीची घडी एकटीला येत नाही. दोन टोकं हिने धरायची, दोन तिने, मग जवळ यायचं, टोकं द्यायची, परत मागे सरायचं. जवळ आलं की धाकटी प्रश्न टाकायची, मागे सरताना थोरलीने उत्तर द्यायचं. उत्तर निम्म्यात अडकलं की चादरही लोंबकळायची. शेवटी धाकटी कंटाळली.

"ताई, अशी नाही. मी सांगते तशी सांग. ऐक. 'साहेब, चादरीचं वजन आमच्या हाताला पाठ असतं. त्या दिवशी एक चादर हाताला जड लागली.' इथे थांबायचं. त्यांना विचार करू द्यायचा, आत काय असेल म्हणून."

"आणि किंचाळले ते?"

"ते काढून टाक. इनचार्ज होणारी बाई किंचाळत नाही. आणि सलाईनचं आधी सांगू नको, शेवटी सांग. म्हणजे त्यांच्या पोटात कालवेल."

धाकटीला हे उपजत होतं. कुठे थांबावं, काय झाकावं, काय शेवटी काढावं. तिने ती गोष्ट उसवली आणि नव्याने शिवली. मग रोज चादरीच्या एका टोकाशी उभी राहून, "मी वर गेले, मी फडकं उलगडलं," असं थोरली होऊन म्हणायची, आणि दुसऱ्या टोकाशी थोरली पोपटासारखी तिच्यामागून. म्हणता म्हणता थोरलीला आलं. अडखळणं गेलं.

धाकटीचा स्वतःचा प्रसंगही होता, पण तो असा तोंड वर करून सांगण्यासारखा नव्हता. एकदा तिने ऑपरेशनच्या हिरव्या गाउनांवर ब्लीच जास्त ओतलं, सगळ्या गाउनांवर पांढरे डाग पडले, आणि कुणी विचारायच्या आत तिने स्वतःच जाऊन सांगितलं. थोरली म्हणायची, "चांगलाय की. खरं बोललीस, हेच डोकं." धाकटी मान हलवायची, पण मनात म्हणायची, ह्यात मी शहाणी कुठे दिसते?

मुलाखतीच्या दिवशी दोघी वरच्या मजल्यावर बाकड्यावर बसल्या होत्या. धुतलेले कपडे, तेल लावलेले केस, पायात घट्ट चपला. थोरलीने धाकटीचा हात धरला होता, तिच्या भेगा धाकटीला टोचत होत्या. शिपायाने थोरलीचं नाव पुकारलं, तेव्हा ती भीतीने पोट बिघडून संडासात गेली होती.

"नाही का त्या? मग तुम्ही चला," शिपाई म्हणाला.

आत टेबल होतं, आणि टेबलापलीकडे दोघं. कापलेल्या केसांच्या मॅडम, त्या सगळ्या हॉस्पिटलच्या व्यवस्थेच्या मुख्य. आणि सर्दी झालेले एक साहेब, कपातून गरम पाणी पीत बसलेले. नाव, शिक्षण, घरी कोण. धाकटी नीट बोलली. मग साहेब नाक पुसत म्हणाले, "बरं, तुम्ही स्वतःचं डोकं चालवलंत असा एखादा प्रसंग सांगा."

धाकटीने गाउनांचं सांगायला तोंड उघडलं. डोळ्यांपुढे ते पांढरे डाग आले. साहेबांचा कंटाळलेला चेहरा आला. आणि तोंडातून निघालं, "साहेब, चादरीचं वजन आमच्या हाताला पाठ असतं."

हे वाक्य निघालं तेव्हा निसटून निघालं म्हणता येईल. तिने स्वतःला पुढे बरेच दिवस तसंच सांगितलं. पण त्यानंतर ती थांबली. जिथे थांबायचं थोरलीला शिकवलं होतं, नेमकी तिथेच थांबली. साहेबांनी कप खाली ठेवला. मॅडम पुढे झुकल्या. आणि ते बघून ती पुढे गेली. सलाईन शेवटी काढलं. साहेब म्हणाले, "वा." मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं.

बाहेर आली तर थोरली तोंड धुऊन, ओल्या केसांनी उभी.

"काय विचारलं गं?"

"तेच. सिस्टर म्हणाल्या ते."

"सांगितलास?"

"सांगितला."

शिपाई दार धरून उभा होता. तेवढ्यात म्हणता आलं असतं, ताई, कवळीचं सांगू नको, दुसरं काहीतरी सांग. एवढंच म्हणायचं होतं. धाकटीने पुढे होऊन थोरलीची वळलेली कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "घाबरू नको."

थोरली लवकर बाहेर आली.

"कशी झाली?"

"तू शिकवलीस तशीच सांगितली," थोरली म्हणाली. "एका शब्दाला अडखळले नाही."

मग ती जिन्याकडे चालू लागली. धाकटीने तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं, म्हणून त्यावर काय होतं ते तिला कळलं नाही.

जागा धाकटीला मिळाली. पक्कं पत्र काम बघून मग मिळणार होतं, पण निळा कोट आणि चाव्या लगेच आल्या. घरी तिच्या नवऱ्याने आरोळी ठोकली. थोरलीनेही "छान झालं" म्हटलं आणि भात खाली लागत होता म्हणून आत गेली.

तेव्हापासून धाकटीला खाणं गोड लागेना. काचेच्या केबिनमधून तिला सगळी लाँड्री दिसे, आणि सगळ्या लाँड्रीत तिची नजर जाऊन पडे ती थोरलीच्या हातांवर. तिने थोरलीला घड्यांच्या टेबलावर लावलं, कोरडं काम म्हणून. थोरली उठून मळक्या गाड्यांकडे गेली. तिने रबराचे नवे हातमोजे काढून दिले. थोरलीने ते रोलरवालीला दिले.

"काय हो इनचार्ज," रोलरवाली केबिनच्या दारात येऊन म्हणाली, "जाऊबाईंना आता चादरीचं दुसरं टोक धरायला कुणी मिळेना वाटतं."

"काम बघ तू," धाकटी म्हणाली. आवाज चढवायला गेली, तर तो फाटलाच.

एकदा वर कपडे मोजून द्यायला गेली असता मॅडम कुण्या डॉक्टरला म्हणाल्या, "ह्या बघा, आमच्या कवळीवाल्या बाई." डॉक्टर हसले. धाकटीही हसली. हसताना तिला वाटलं, आपलं तोंड उघडं पडलंय आणि आत एकही दात आपला नाही.

थोरली तिला टाकून बोलायची नाही, की रुसलेली दिसायची नाही. त्याचाच धाकटीला त्रास व्हायचा. भांडली असती तर बरं, उलटून चार शब्द बोलता आले असते. हिला ठाऊक आहे का? की मुलाखत नुसती फसली असं समजून गप्प आहे? धाकटी तिच्या प्रत्येक वाक्याला उलटसुलट करून बघे. "मीठ दे" मध्येही तिला टोमणा ऐकू येई.

सुट्टीच्या दिवशी नणंद आली. जेवणं झाली, भांडी आवरणं चाललं होतं, दोघी जावांचे नवरे पाय पसरून बसले होते. नणंद थोरलीच्या गोष्टींची जुनी गिऱ्हाईक. ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "मोठ्या वहिनी, होऊन जाऊ दे कवळी! किती दिवस झाले पोट दुखेपर्यंत हसून."

थोरली ताट पुसत होती. पुसता पुसताच म्हणाली, "ती आता माझ्याकडे नाही. धाकटीकडे गेली. तिला सांग सांगायला."

"म्हणजे?"

"म्हणजे ती आता तिची आहे."

नणंद हसली, तिला वाटलं गंमत चाललीय. धाकटीचा नवरा म्हणाला, "सांग की मग. इनचार्ज झालीस, आता गोष्टीही तूच सांग."

थोरलीच्या आवाजात राग नव्हता. धाकटीला कळलं, हिला सगळं ठाऊक होतं, पहिल्यापासून होतं.

"मी मुलाखतीत सांगितली ती," धाकटी म्हणाली. "ताईची म्हणून नाही. माझी म्हणून. ताईच्या आधी."

नळाचं पाणी तेवढं वाहत होतं. थोरलीच्या नवऱ्याने पाय आखडून घेतले आणि उठून बाहेर गेला. धाकटीचा नवरा म्हणाला, "काय बोलतेस काय?"

थोरलीने नळ बंद केला. "आत गेले आणि सांगायला लागले," ती नणंदेला म्हणाली, जशी पाहुण्यांना सांगायची तशीच, फक्त उभी न राहता. "साहेबांना ठसकाच लागला. मॅडम म्हणाल्या, हे आम्ही आत्ताच ऐकलं हो बाई, अगदी ह्याच शब्दांत. दुसऱ्याचं पाठ करून येऊ नये. हे तुमचं आहे की ऐकलेलं?"

"मग तू म्हणायचंस ना, माझं आहे म्हणून!" धाकटी म्हणाली. म्हणाली, आणि आपण तिच्यावरच ओरडतोय हे लक्षात येऊन गप्प बसली.

"कशाला? दोघी जावा एका कवळीवरून भांडतात, हे दाखवायला? कवळी त्या म्हाताऱ्याची होती." थोरलीने पुसलेलं ताट पुन्हा पुसलं. "मला वाटलं, तू बाहेरच सांगशील. मग वाटलं, घरी गेल्यावर. कोट घालून आलीस तेव्हा वाटलं, आता तरी. मग मी तसं वाटून घ्यायचं सोडलं."

"ताई, माझं चुकलं."

"इथे चुकलं म्हणून काय उपयोग? इथे मी खोटारडी नाही. वर त्या खोलीत आहे."

दुसऱ्या दिवशी धाकटी चाव्या हातात घेऊन वर गेली. जिना चढताना तिने एक वाक्य तयार केलं होतं, आणि मॅडमपुढे सगळं सांगून झाल्यावर ते तिच्याने आवरलं नाही.

"गोष्ट तिची होती, मॅडम, पण शब्द माझे होते. तिला बोलता येत नव्हतं. मीच शिकवलं."

मॅडमनी विचारलं, "म्हणजे तुमचं म्हणणं, निम्मी जागा तुमची?"

धाकटीची मान जी खाली गेली ती वर आलीच नाही. मॅडमनी थोरलीला बोलावून घेतलं. थोरली ओल्या हातांनी आली आणि हात पाठीमागे धरून उभी राहिली.

"तो प्रसंग सांगा," मॅडम म्हणाल्या. "पाठ केलेला नको. झाला तसा."

थोरली घुटमळली. मग, "म्हणजे, चादर झटकली आणि ते दात माझ्या पायावर, आणि मी बोंबलले, मॅडम, ड्रमवाला धावत आला, त्याला वाटलं माझा हात सापडला ड्रममध्ये," असं सगळं एका दमात, पुढचं मागे, मागचं पुढे, म्हातारा मध्येच आला, सलाईन सांगायचं राहूनच गेलं.

"बोंबललात? हे त्या दिवशी नव्हतं."

"नव्हतं. हिने कापलं होतं ते." थोरलीने धाकटीकडे न बघता सांगितलं.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्हाला मी बोलले ते चुकलं माझं. पक्कं पत्र अजून निघालेलं नाही. तुम्हाला हवी आहे ही जागा?"

ह्या घटकेला धाकटीच्या मनात जे आलं ते तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. तिला वाटलं, थोरली आता म्हणेल, राहू दे, तिचं काम बरं चाललंय, तिलाच असू दे. थोरलं माणूस म्हणतं असं. चाव्या तिने अजून टेबलावर ठेवल्या नव्हत्या, मुठीत धरल्या होत्या.

"हवी," थोरली म्हणाली.

"आणि ह्यांचं काय करू? ठेवू की काढू? आता तुमच्या हाताखाली राहणार त्या."

"ठेवा. कामाला चांगली आहे. अंग राखत नाही." थोरली थांबली. "पण मी रजेवर गेले तर माझ्या जागी हिला बसवू नका. दुसऱ्या कुणालाही चालेल."

धाकटीने चाव्या टेबलावर ठेवल्या. कोट काढताना एक बाही उलटी निघाली, ती तिने सरळ केली आणि कोट थोरलीच्या हातात दिला.

दोघी जिन्याने खाली आल्या. धाकटीला वाटलं होतं, सांगून टाकलं की छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नव्हतं, उलट वर राग आला होता, चांगला धगधगता, थोरलीच्या त्या 'हवी'वर. आणि रागाच्या खाली, हा राग यावा एवढे आपण खालच्या पायरीचे, ही लाज. खालच्या वळणावर तिला हुंदका आला.

"रडायचं असेल तर घरी रड," थोरली पुढे चालता चालता म्हणाली. "गाड्या तुंबल्यात खाली."

थोरलीने कोट चढवला, तो दंडात घट्ट झाला. रोलरवालीने रोलर थांबवला. सगळ्या बायका बघत राहिल्या, आधी एकीकडे, मग दुसरीकडे, आणि मग कुणी काही न विचारता आपापल्या चादरींकडे वळल्या. त्यांना पहिल्यापासून कळत होतं की काय, कोण जाणे.

धाकटी मोकळ्या हातांनी मधोमध उभी होती. आपण कुठे उभं राहायचं हे तिला कळेना.

"कुठे लागू?" तिने विचारलं.

थोरलीने हाताने मळक्या गाड्यांकडे दाखवलं. धाकटी गेली, हातमोजे शोधले, नव्हते, तशीच निवडायला लागली. त्या दिवशी तिला कुणी टोचून एक शब्द बोललं नाही, आणि तेवढं तिला सुट्टी होईपर्यंत पुरलं.